चाक फिरते, पान हलत नाही

बेळगावातील एखाद्या जुन्या मराठी शाळेचा शतकमहोत्सव जवळ येऊन ठेपला आहे आणि स्मरणिकेच्या संपादनाची जबाबदारी शाळेच्याच एका निवृत्त मास्तरांवर येऊन पडली आहे, असे क्षणभर समजू. २८० पानांचा मजकूर 'वर्ड' या कार्यक्रमात टंकलिखित होऊन तयार आहे आणि सोमवारी सकाळी तो छापखान्यात पोचलाच पाहिजे. शनिवारी दुपारी मास्तर १४६ व्या पानावर आले आहेत. उजव्या तळव्याखाली माऊस, तर्जनीखाली माऊसचे चाक. चाक एक खाच ओढावे आणि मजकूर तीन ओळी वर सरकावा, हा गेल्या तीन आठवड्यांचा परिपाठ. आणि एकाएकी पान हलेनासे होते. चाक फिरते आहे, खाचा बोटाला जाणवताहेत, बारीक टिकटिकही ऐकू येते. पण पडद्यावरील मजकूर जागचा ढळत नाही.

अशा वेळी माणूस काय करतो, हे त्याच्या वयावर अवलंबून असते. तरुण असला तर तो माऊस टेबलावर दोनदा आपटतो. वय झालेले असले तर तो दोष स्वतःकडे घेतो. उतारवयात संगणक शिकलेल्या माणसाच्या मनात एक धास्ती कायमची घर करून असते, ती अशी की, आपल्याच हातून काहीतरी नको ते दाबले गेले. मास्तरांनाही तसेच वाटते. मग ते बाजारात जाऊन नवा माऊस घेऊन येतात. तो जोडतात. बाण फिरतो, बटणे चालतात, आणि चाक पुन्हा मुकेच! आता मात्र मास्तरांचा धीर सुटतो. सगळा संगणकच बिघडला, २८० पाने गेली, अशी त्यांची खात्री होऊ लागते. तेवढ्यात शाळेतून आलेली नात दप्तर ठेवता ठेवता विचारते, "आजोबा, बाकीच्या ठिकाणी चाक चालतंय का, ते पाहिलंत का तुम्ही?"

ते पाहिलेले नसते. पाहिल्यावर आढळते की, वर्तमानपत्राचे पान उघडले तर त्यात चाक सुरळीत चालते; हिशेबाच्या तक्त्यात चालते; फक्त वर्डमध्ये चालत नाही. नातीच्या या एका प्रश्नाने निम्मा उलगडा झाला. तो कसा झाला, हे समजण्यासाठी चाक फिरल्यापासून पान हलेपर्यंत मधल्या काळात काय काय घडते, ते पाहिले पाहिजे.

सर्वसाधारण समजूत अशी असते की, चाक पानाला ओढते. विहिरीवरचा रहाट फिरवला की दोर गुंडाळला जातो आणि बादली वर येते, तसेच काहीसे. पण माऊसचे चाक रहाटासारखे नाही. ते फक्त चिठ्ठी लिहिते. ती चिठ्ठी पोचवणारा दुसरा असतो, वाचणारा तिसरा असतो, आणि तीवर अंमल करायचा की नाही हे त्या तिसऱ्याच्या मर्जीवर असते. चिठ्ठी लिहिली गेली नाही, वाटेत गहाळ झाली, भलत्याच्या हाती पडली किंवा वाचणाऱ्याने ती बाजूला ठेवली, तर यांतल्या प्रत्येक प्रकारात पडद्यावर दिसणारा परिणाम एकच असतो: पान हलत नाही. म्हणून लक्षण एक आणि रोग अनेक, अशी ही दुखण्याची जात आहे.

चिठ्ठी लिहिली जाते ती अशी. चाकाचा आस एका लहानशा पेटीत शिरलेला असतो. साध्या माऊसमध्ये या पेटीत धातूच्या दोन बारीक जिभा असतात आणि चाक फिरेल तशा त्या एका पट्टीला स्पर्श करतात व सुटतात. दोन्ही जिभा एकाच वेळी स्पर्श करीत नाहीत. एक थोडी आधी, दुसरी थोडी मागाहून. आधी कोणती टेकली यावरून चाक पुढे फिरले की मागे, हे माऊसमधल्या चिमुकल्या मंडलाला कळते. काही माऊसमध्ये जिभांऐवजी दातेरी चकती आणि अदृश्य अवरक्त प्रकाशाचा झोत असतो. दाता आड आला की झोत तुटतो, सरला की जुळतो. तत्त्व तेच. चाकाच्या एका पूर्ण फेऱ्यात बहुधा २४ खाचा असतात, म्हणजे एक खाच १५ अंशांची. संगणक सर्वसाधारण माऊसला सेकंदातून १२५ वेळा विचारतो, 'काही सांगायचे आहे का?' आणि माऊस उत्तर देतो, 'एक खाच मागे', 'एक खाच पुढे', किंवा 'काही नाही'.

हे उत्तर प्रथम वर्डकडे जात नाही. ते जाते संगणकाच्या मूळ व्यवस्थेकडे. आपल्याकडील बहुतेक घरांत आणि कचेऱ्यांत ही व्यवस्था म्हणजे विंडोज. तेथे एका खाचेचे १२० असे मूल्य ठरवलेले आहे. १२० हा आकडा विचित्र वाटतो, पण त्यामागे दूरदृष्टी आहे. पुढेमागे खाच नसलेली, अगदी बारीक हालचालही टिपणारी चाके निघाली, तर त्यांना अर्धी, पाव, दशांश खाच सांगता यावी म्हणून सहज भाग जाणारा आकडा निवडला गेला. (आपल्या जुन्या लोकांनी रुपयाचे १६ आणे का केले, याच्याशी याची तुलना करण्याचा मोह होतो.) मग विंडोज ही चिठ्ठी उघड्या असलेल्या खिडक्यांपैकी एकीच्या स्वाधीन करते. त्या खिडकीचा कार्यक्रम ती वाचतो आणि सामान्यतः एका खाचेला तीन ओळी या हिशेबाने मजकूर सरकवतो. तीन ही संख्या कायमची नाही. माऊसच्या सेटिंगमध्ये ती बदलता येते.

या साखळीचा शेवटचा दुवा किती महत्त्वाचा आहे, हे चाकाच्या इतिहासावरून चांगले दिसते. माऊस जन्माला आला तेव्हा त्याच्या पाठीवर चाक नव्हतेच. कॅलिफोर्नियात डग्लस एंगलबार्ट यांच्या कल्पनेवरून बिल इंग्लिश यांनी १९६४ च्या सुमारास जो पहिला माऊस बनवला, तो लाकडी खोक्याचा होता. त्याला चाके होती, पण पोटाखाली, एकमेकांशी काटकोनात बसवलेली दोन; ती टेबलावर घरंगळून बाणाची जागा सांगत. एंगलबार्ट यांनी ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे हे साधन लोकांपुढे चालवून दाखवले. पुढे पोटाखालची चाके गेली, त्या जागी गोळी आली, गोळीही जाऊन प्रकाश आला. मजकूर वरखाली करायचा तर मात्र पडद्याच्या कडेची पट्टी बाणाने पकडून ओढावी लागे, आणि ओढता ओढता हात जरा हलला की माणूस दहा पाने पुढे जाऊन पडे. बोटाखालचे चाक १९९० नंतरच्या दशकात आले. १९९६ साली मायक्रोसॉफ्टने आपला चाकाचा माऊस बाजारात आणला आणि त्याच सुमारास तयार झालेल्या 'ऑफिस ९७' मध्ये, म्हणजे त्यातील वर्डमध्येही, चाकाची भाषा समजण्याची सोय ठेवली.

सोय ठेवली, हे शब्द येथे लक्षात ठेवण्याजोगे आहेत. ज्या कार्यक्रमात ती ठेवली नसेल, तेथे चाक कितीही उत्तम असले तरी निरुपयोगी. याचे ठळक उदाहरण त्याच कंपनीच्या घरातले आहे. 'व्हिज्युअल बेसिक ६' हे आज्ञावली लिहिण्याचे साधन १९९८ साली निघाले. चाकाचा माऊस येऊन तोवर दोन वर्षे झाली होती, तरी या साधनाच्या लेखनखिडकीला चाक मुळीच कळत नसे. जगभरच्या आज्ञावलीकारांनी चाके फिरवली, माऊस बदलले, चडफडले. शेवटी कंपनीला एक वेगळी पुरवणी देऊन ती उणीव भरून काढावी लागली. तेव्हा आपल्याच घरातल्या माणसाची चिठ्ठी वाचण्याची तजवीज करायला लोक विसरतात, तर परक्याची काय कथा!

आता मास्तरांकडे परत जाऊ. वर्तमानपत्रात चाक चालते याचा अर्थ चिठ्ठी नीट लिहिली जात आहे आणि विंडोजपर्यंत पोचतही आहे. नवा माऊस घेण्याची गरज नव्हती. बाण व्यवस्थित फिरतो आणि वर्डशिवाय अन्यत्र चाकही चालते, त्याअर्थी बिनतारी माऊसची बॅटरी, त्याचा ग्रहणखंड, जोडणीचे छिद्र यांपैकी कोणावरही आळ घेण्याचे कारण नाही. रोग वर्डमध्ये किंवा वर्डच्या दाराशी आहे.

पण त्याचा शोध घेण्यापूर्वी एक गोष्ट केलीच पाहिजे, आणि घाबरलेला माणूस नेमकी तीच विसरतो. हातातला मजकूर जतन करावा. कंट्रोल आणि एस या दोन कळा एकत्र दाबल्या की ते होते. शिवाय त्या दस्तऐवजाची एक प्रत दुसऱ्या जागी, पेन ड्राइव्हवर किंवा दुसऱ्या संगणकावर, ठेवावी. चाक बिघडल्याने आजवर कोणाचे पुस्तक बुडाले नसेल. पण चाक दुरुस्त करण्याच्या घाईत कार्यक्रम काढून टाकणे, संगणक मध्येच बंद करणे, 'जतन करू का?' या प्रश्नाला न वाचताच 'नको' म्हणणे, अशा कृत्यांनी आठवड्याचे श्रम एका क्षणात जातात. 

मग पहिला प्रश्न: चाक फिरवल्यावर खरोखर काहीच होत नाही, की भलतेच काही होते? पुष्कळ लोक या दोन्हींना 'चाक चालत नाही' असेच म्हणतात. मजकूर न सरकता अक्षरे लहानमोठी होत असतील, तर चाक निर्दोष आहे आणि कंट्रोलची कळ अडकली आहे, कारण कंट्रोल दाबून चाक फिरवणे म्हणजे पान जवळ आणणे किंवा दूर नेणे. कळेखाली चहाचा थेंब वाळून ती खाली चिकटलेली असते, किंवा 'स्टिकी कीज' नावाची सोय चालू झालेली असते. ज्यांना दोन कळा एकाच वेळी दाबणे जड जाते त्यांच्यासाठी ही सोय आहे आणि ती फार उपयुक्त आहे. मात्र शिफ्टची कळ लागोपाठ पाच वेळा दाबली की ती चालू करण्याविषयी विचारणा होते, आणि न वाचता 'हो' म्हणणारे सगळीकडे असतात. सोय चालू असताना कंट्रोल दोनदा दाबला गेला तर संगणक तो दाबलेलाच धरून ठेवतो.

पाने खालून वर न जाता डावीकडून उजवीकडे, पुस्तक चाळल्यासारखी जात असतील, तर तीही बिघाडाची खूण नव्हे. वर्डच्या अलीकडच्या आवृत्त्यांत 'व्ह्यू' या सदरात पाने कशी हलावीत याची निवड असते. तेथे 'साइड टू साइड' निवडले गेले असेल तर पुन्हा 'व्हर्टिकल' करावे, की झाले.

येथे एका निरपराध कळेची बाजू मांडणे भाग आहे. कीबोर्डच्या उजव्या बाजूला वर 'स्क्रोल लॉक' नावाची एक कळ असते. चाकाच्या कामाला स्क्रोल म्हणतात, आणि ही तर स्क्रोलचे कुलूप! सबब चाक बंद पडले की पहिला संशय तिच्यावर जातो. ही कळ १९८१ सालच्या आयबीएमच्या घरगुती संगणकापासून चालत आलेली आहे, म्हणजे चाकाहून पंधरा वर्षांनी वडील. आज तिचा उपयोग मुख्यतः हिशेबाच्या तक्त्यात बाणांच्या कळांची चाल बदलण्यापुरता उरला आहे. वर्डमधील चाकाशी तिचा संबंध नाही. नावामुळे उगाच आरोप यावा, असे तिचे नशीब.

काहीच होत नसेल तर दुसरा प्रश्न विचारावा: चिठ्ठी कोणाच्या हाती पडते आहे? जुन्या विंडोजमध्ये रिवाज असा होता की, बाण कोठेही असो, चाकाची चिठ्ठी शेवटी जेथे टिचकी मारली त्याच खिडकीला मिळे. त्यामुळे वाचक बाण मजकुरावर ठेवून चाक फिरवी, आणि हले ती बाजूची शीर्षकांची यादी किंवा पाठीमागची दुसरीच खिडकी. विंडोज १० मध्ये, २०१५ साली, बाण जिच्यावर असेल त्या खिडकीला चिठ्ठी देण्याची नवी रीत आली आणि ती मुळात चालूच ठेवलेली असते. पण माऊसच्या सेटिंगमधले ते बटण कोणी बंद केले असेल तर जुना रिवाज परत येतो. म्हणून सर्वांत स्वस्त उपाय हा की, मजकुराच्या मध्यावर एकदा साधी टिचकी मारावी आणि मग चाक फिरवावे. पुष्कळांचे दुखणे एवढ्यावरच बरे होते, आणि मग ते कोणाजवळ बोलत नाहीत.

याच जातीचा दुसरा प्रकार थोडा फसवा आहे. वर्डने कसलीशी चौकट उघडून प्रश्न विचारलेला असतो आणि ती चौकट दुसऱ्या खिडकीच्या आड गेलेली असते. उत्तर मिळेपर्यंत वर्ड मूळ दस्तऐवजाला हात लावू देत नाही. मजकुरावर टिचकी मारली की नुसता 'टुंग' असा आवाज येतो. अशा वेळी ऑल्ट आणि टॅब या कळांनी एकेक खिडकी पुढे आणून ती लपलेली चौकट शोधावी आणि तिला उत्तर द्यावे; आवाज करून ती बिचारी केव्हाची बोलावीत असते.

मास्तरांच्या बाबतीत यांपैकी काहीच नव्हते असे धरू. टिचकी मारून झाली, कंट्रोल मोकळा होता, चौकट नव्हती. आता खऱ्या संशयिताकडे वळायचे. वर्ड एकटा राहत नाही. त्याच्या घरात ॲड-इन नावाचे भाडेकरू येऊन राहतात. दस्तऐवजाचे पीडीएफ करणारा एक, भाषांतर करणारा दुसरा, संदर्भसूची सांभाळणारा तिसरा, ध्वनिमुद्रण लिहून घेणारा चौथा. हे बहुधा मालकाने मुद्दाम बोलावलेले नसतात. दुसरा एखादा कार्यक्रम बसवताना 'पुढे', 'पुढे' असे म्हणत गेल्यावर त्याच्याबरोबर ते गुपचूप आत शिरलेले असतात. त्यांतले काही वर्डला येणारी चिठ्ठी वाटेतच उघडून पाहतात. पाहून पुढे दिली तर कोणाला पत्ता लागत नाही. न दिली, किंवा वर्डची नवी आवृत्ती आल्यावर त्यांचे आणि वर्डचे पटेनासे झाले, तर चाक मुके होते. काल चालत होते आणि आज बंद पडले, मध्ये कोणी काही केले नाही, असे जेव्हा घडते, तेव्हा रात्रीतून आपोआप झालेली एखादी सुधारणा त्यामागे असण्याचा संभव मोठा असतो.

भाडेकरू दोषी आहे की घर, हे ओळखण्याची युक्ती सोपी आहे: सगळ्या भाडेकरूंना थोडा वेळ बाहेर काढून पाहावे. वर्ड पूर्ण बंद करावा, कंट्रोलची कळ दाबून धरावी आणि ती तशीच धरून वर्डच्या चिन्हावर टिचकी मारावी. 'सेफ मोडमध्ये सुरू करू का?' असे वर्ड विचारतो. त्याला 'हो' म्हणावे. या रीतीने उघडलेल्या वर्डमध्ये पुरवण्या चढत नाहीत. आता दस्तऐवज उघडून चाक फिरवावे. चालले, तर वर्ड निर्दोष आणि पुरवण्यांपैकी कोणीतरी अपराधी. लिबरऑफिस वापरणाऱ्यांनाही अशीच सोय आहे. तेथे 'हेल्प' या यादीत सेफ मोडमध्ये पुन्हा सुरू करण्याची आज्ञा मिळते.

यानंतरचे काम चिकाटीचे आहे, आणि त्यात एक शालेय गणित उपयोगी पडते. 'फाइल', मग 'ऑप्शन्स', मग 'ॲड-इन्स' असे जावे. तळाशी एक छोटी यादी असते, तीत 'कॉम ॲड-इन्स' निवडून 'गो' दाबावे. समोर सगळ्या पुरवण्यांची नावे येतात आणि प्रत्येकीपुढे खुणेचा चौकोन असतो. समजा, आठ नावे आहेत. एकेक खूण काढून, वर्ड बंद करून, पुन्हा उघडून पाहात बसले तर आठ खेपा पडू शकतील. त्याऐवजी चार खुणा एकदम काढाव्यात. चाक चालू लागले तर दोषी त्या चारांत, नाही तर उरलेल्या चारांत. मग दोन, मग एक. तीन खेपांत चोर हाती लागतो. चोर एकच असेल तर, हे मात्र सांगितले पाहिजे. दोन असतील तर हिशेब थोडा लांबतो. सापडलेल्याची खूण काढलेली ठेवावी. त्याची खरोखर गरज असेल तर त्याची नवी आवृत्ती मिळते का पाहावे. आणि बहुतेक वेळा असे दिसते की, गरज कधी नव्हतीच.

सेफ मोडमध्येही चाक गप्प राहिले, तर माऊसच्या कारखानदाराने दिलेला कार्यक्रम तपासावा. काही माऊसबरोबर असा कार्यक्रम येतो आणि त्यात प्रत्येक कामासाठी चाकाची निराळी योजना करता येते. वर्डसाठी ठरवलेली योजनाच चुकलेली असू शकते. मराठी टंकलेखनासाठी बसवलेला एखादा जुना कार्यक्रम सदैव कळांवर पहारा ठेवीत असेल, तर तोही एकदा बंद करून पाहावा. शेवटी वर्डची डागडुजी उरते. विंडोजच्या सेटिंगमध्ये बसवलेल्या कार्यक्रमांची यादी असते. तीत ऑफिसच्या नावापुढे बदलाची आज्ञा दिली की, प्रथम 'क्विक रिपेअर' आणि त्याने भागले नाही तर 'ऑनलाइन रिपेअर' अशा दोन वाटा मिळतात. दुसरीला इंटरनेट आणि बराच वेळ लागतो.

एका उपायाविषयी मात्र सावध राहिले पाहिजे. वर्डचा 'नॉर्मल' नावाचा मूळ साचा काढून टाका, म्हणजे सारे सुरळीत होईल, असा सल्ला अनेक हितचिंतक देतात. साचा काढला तर वर्ड नवा कोरा साचा आपण होऊन तयार करतो, हे खरे. पण जुन्या साच्यात वर्षानुवर्षे साठवलेली अक्षरशैली, तयार मजकुराचे तुकडे, मॅक्रो हे सारे असते. प्रमाणपत्रांचे आणि अर्जांचे मसुदे ज्यांनी तेथे ठेवले आहेत, त्यांचे ते एका क्षणात दिसेनासे होतील. काढायचाच तर नष्ट करू नये; त्याचे नाव बदलून बाजूला ठेवावा. रजिस्ट्री नावाच्या विंडोजच्या अंतर्गृहात हात घालण्याचे सल्लेही मिळतात. ते ज्यांना कळते त्यांनीच पाळावेत.

कधी चाक चालते, पण पान गचके खात, दमल्यासारखे सरकते. त्याचे कारण निराळे. मोठमोठी छायाचित्रे असलेल्या लांब दस्तऐवजात वर्डला प्रत्येक पानाची मांडणी पुन्हापुन्हा करावी लागते आणि तो मागे पडतो. स्मरणिकेत तर माजी मुख्याध्यापकांची छायाचित्रे पानोपानी असणारच. 'व्ह्यू' मध्ये जाऊन 'ड्राफ्ट' निवडले की काही चित्रे आणि समास डोळ्यांआड होतात आणि मजकूर हलका होऊन धावू लागतो. मुद्रितशोधनाला तेच बरे. नजर छायाचित्रात कमी गुंतते.

आणि समजा, नातीच्या प्रश्नाचे उत्तर 'कोठेच चालत नाही' असे आले असते, तर? तर चिठ्ठी लिहिणाऱ्याकडे जावे लागले असते. चाकाच्या आसाभोवती केस आणि लोकरीचे तंतू गुंडाळले जातात. घरात मांजर असेल तर विचारूच नये. आतल्या धातूच्या जिभांवर कालांतराने गंज चढतो किंवा त्या झिजतात. झीज झाल्याची खूण अशी की, चाक खाली फिरवावे आणि पान मध्येच वर उसळावे. कोणती जीभ आधी टेकली, हेच माऊसला नीट कळेनासे झालेले असते. माऊस संगणकापासून सोडवून, बॅटरी असल्यास काढून, चाकाच्या फटीत हवेचा झोत मारावा आणि चाक दोन्ही बाजूंनी भरभर फिरवावे. पुष्कळदा एवढे पुरते. न पुरले तर माऊस उघडावा लागतो. त्याचे स्क्रू बहुधा तळाच्या गुळगुळीत पट्ट्यांखाली लपलेले असतात. आत आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या कापसाच्या काडीने आस व चकती पुसावी आणि पूर्ण वाळल्यावरच जोडणी करावी. पाणी वापरू नये. पेटीच झिजली असेल तर घड्याळजीसारखा हात असलेला कारागीर ती बदलून देतो. पण साध्या माऊसला त्या खटपटीपेक्षा नवा घेणे स्वस्त पडते.

दुरुस्तीला वेळ लागला तरी काम थांबवण्याचे कारण नसते. चाक नव्हते तेव्हाही लोक ग्रंथ लिहीतच होते. पेज डाउनची कळ एकेक पडदा पुढे नेते, पेज अप मागे आणते. कंट्रोल आणि होम एकत्र दाबले की पहिले पान, कंट्रोल आणि एंड दाबले की शेवटचे. कंट्रोल आणि जी दाबून पानाचा आकडा लिहिला की थेट त्या पानावर जाता येते. शिफ्ट आणि एफ ५ एकत्र दाबल्यास आपण शेवटचा बदल जेथे केला तेथे वर्ड परत नेऊन सोडतो. ही शेवटची युक्ती रोज वर्ड वापरणाऱ्यांपैकीही फार थोड्यांना ठाऊक असते, आणि शुद्धलेखन तपासणाऱ्याला ती चाकाहूनही अधिक उपयोगी आहे.

मास्तरांच्या वर्डमध्ये पुरवण्या सहा निघाल्या. तीन खुणा काढल्यावर चाक बोलू लागले. त्या तिघांतला अपराधी, कागदपत्रांचे रूपांतर करणारा एक पाहुणा, आणखी दोन खेपांत सापडला. तो महिन्यापूर्वी कोणीतरी स्मरणिकेचे जुने लेख उघडण्यासाठी म्हणून बसवलेला होता. सारे मिळून पाऊण तास गेला. नवा माऊस नातीने आपल्या टेबलावर नेला आणि मास्तर १४६ व्या पानावर परत आले. तेथे 'शताब्दी'तला 'ब्दी' ऱ्हस्व पडला होता.